यंत्रनियंत्रण आणि औद्योगिक स्वयंचलनातील शोध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील वेर्णा, कुंडई, पिळर्ण, थिवी, डिचोली, होंडा अशा औद्योगिक वसाहतींत कंट्रोल पॅनेल बसवण्याचे आणि बिघडले की उघडून बघण्याचे काम करताना जे प्रश्न लोक चहा पिता पिता विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत. काही प्रश्न आयटीआयच्या विद्यार्थ्यांचे आहेत, काही लहान कारखानदारांचे, आणि बरेचसे अशा तंत्रज्ञांचे, ज्यांनी आपल्या यंत्रावर काहीतरी नवीन केले आहे पण त्याला ‘शोध’ म्हणावे की नाही याची त्यांना खात्री नाही. कायद्याविषयीची उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. प्रत्यक्ष अर्जापूर्वी पेटंट एजंटाचा सल्ला घ्यावा.

यंत्र आपोआप चालते, म्हणजेच ते नियंत्रित असते का?

नाही, आणि हा फरक आधी स्पष्ट केला नाही तर पुढचे सगळे घोटाळ्याचे होते. टायमर लावलेला पंप सकाळी सहाला सुरू होतो आणि सातला बंद होतो. टाकी पावणेसातलाच भरली तरी त्याला त्याचे सोयरसुतक नसते आणि पाणी अंगणात वाहत राहते. तो आपोआप चालतो, पण काय घडते आहे हे त्याला कळत नाही. टाकीत फ्लोट स्विच बसवला की तोच पंप पाण्याची पातळी पाहून थांबतो. मोजणे, हव्या असलेल्या स्थितीशी ताडून पाहणे आणि फरक दिसला तर सुधारणा करणे या तीन क्रिया एकमेकींना जोडल्या गेल्या की त्याला बंद वळशाचे नियंत्रण म्हणता येते. या क्षेत्रातले बहुतेक महत्त्वाचे शोध या तिघींपैकी एखादी क्रिया नव्याने करण्यात किंवा त्यांना नव्या रीतीने एकमेकींवर अवलंबून ठेवण्यात आहेत. अगदी नवा सुटा भाग हाती लागणे त्या मानाने विरळाच.

गोव्यात अशी एखादी जुनी यंत्रणा होती का?

होती आणि आजही आहे. मांडवी आणि जुवारीच्या काठांवरील खाजन जमिनींच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, बांधांत बसवलेली मानस, म्हणजे पाण्याचे लाकडी दार, हे तिचे उत्तम उदाहरण आहे. भरती चढू लागली की नदीच्या बाजूचे पाणी लाकडी दाराला आतून बसवलेल्या चौकटीवर दाबून धरते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागून नदीची पातळी खाली गेली की शेतात साचलेल्या पावसाच्या पाण्याचा जोर जास्त ठरतो, दार बाहेरच्या दिशेने उघडते आणि पाणी नदीत निघून जाते. जुलैतल्या मुसळधार पावसात मध्यरात्री ओहोटी लागली तरी कोणालाही कंदील घेऊन बांधावर जावे लागत नाही. ओहोटीच्या वेळी मानशीपाशी थोडा वेळ उभे राहिले तर दाराच्या फटीतून आधी पाण्याची एक पातळ चादर सुटताना दिसते, मग दार करकरत किंचित हलते, आणि बघता बघता पाण्याचा लोट सुरू होतो.

नियंत्रणाच्या भाषेत सांगायचे तर येथे सेन्सरही पाणीच आणि दार हलवणारी शक्तीही पाणीच. मात्र या यंत्रणेला आपली इच्छा सांगता येत नाही. ‘आज शेतात इतकेच पाणी ठेव’ असे मानशीला सांगण्याची सोय नाही. त्यासाठी माणसालाच हात घालावा लागतो. हवी ती पातळी आधी ठरवून द्यायची आणि यंत्राने ती राखायची, ही कल्पना आली तेथून आजच्या अर्थाचे यंत्रनियंत्रण सुरू होते.

मग वाफेच्या इंजिनाचा वेग राखणारा जेम्स वॉटचा गव्हर्नर हा पहिला शोध म्हणायचा का?

पाठ्यपुस्तके तसे सुचवतात, पण वॉटने स्वतः तसा दावा केला नव्हता. फिरत्या दांड्यावर लटकवलेले दोन गोळे वेग वाढला की बाहेर फेकले जातात, ही युक्ती पीठगिरण्यांत आधीपासून वापरात होती. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने ती १७८८ साली पाहिली आणि वॉटला कळवली. वॉटने ती वाफेच्या झडपेला जोडली आणि इंजिनाचा वेग भार कमीजास्त झाला तरी जवळपास स्थिर राहू लागला. त्याने या जोडणीचे पेटंट घेतले नाही.

याच गव्हर्नरामुळे पुढे एक नवा त्रासही उद्भवला. काही इंजिने स्थिर होण्याऐवजी झोके घेऊ लागली; वेग वाढे, झडप मिटे, वेग गरजेपेक्षा खाली जाई, झडप उघडे आणि हेच चक्र चालू राही. जेम्स क्लर्क मॅक्सवेल याने १८६८ साली गव्हर्नरांवर लिहिलेल्या निबंधात हे झोके केव्हा विरतात आणि केव्हा वाढत जातात याचे गणित मांडले. आज आपला तंत्रज्ञ ‘व्हॉल्व्ह हंटिंग करतो’ अशी जी तक्रार घेऊन येतो, ती मूळची त्याच काळातली आहे.

पीआयडी म्हणजे नेमके काय? कंट्रोलरच्या मेनूमध्ये तीन आकडे असतात, ते कशाचे?

हे समजून घ्यायला मांडवीतून जाणाऱ्या बार्जचे सुकाणू धरणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. बार्जचे नाक ठरलेल्या दिशेपासून थोडे हलले तर तो सुकाणू थोडे वळवतो, जास्त हलले तर जास्त वळवतो. चूक जेवढी, तेवढ्या प्रमाणात केलेली ही दुरुस्ती म्हणजे पहिला आकडा, पी. पण ओहोटीचा प्रवाह सतत एकाच बाजूने ढकलत असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण चूक शून्य झाली की सुकाणूही सरळ होते आणि प्रवाह बार्जला पुन्हा लोटतो. अनुभवी माणूस हे काही वेळात ओळखतो आणि सुकाणू कायमचे थोडे एका अंगाला धरून ठेवतो. मागे साचत गेलेल्या चुकीची अशी बेरीज करणारा तो दुसरा आकडा, आय. तिसरी गोष्ट अशी की नाक वेगाने योग्य दिशेकडे परतू लागले की तो ते नेमक्या रेषेवर येण्यापूर्वीच सुकाणू उलट फिरवू लागतो, नाहीतर ते दुसऱ्या बाजूला निघून जाईल. बदलाच्या वेगाकडे पाहणारा हा तिसरा आकडा, डी.

हे उदाहरण मी उगाच नावेचे घेतलेले नाही. निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ साली जहाजाच्या स्वयंचलित सुकाणूचे जे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात त्याने सुकाणू धरणारा खलाशी काय करतो हेच गणितात मांडले होते. अमेरिकी नौदलाच्या ‘न्यू मेक्सिको’ या युद्धनौकेवर त्याच्या चाचण्या झाल्या. यंत्रणा चालली, पण खलाशांच्या विरोधामुळे नौदलाने ती त्या वेळी स्वीकारली नाही. नव्या यंत्राला ऑपरेटरने नाके मुरडणे ही कुंडईतली नवलाई नव्हे, एवढे यावरून म्हणता येईल.

हे तीन आकडे कसे ठरवावेत याची कामचलाऊ पण टिकाऊ पद्धत झीग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ साली दिली. तिच्या एका प्रकारात फक्त पी ठेवून तो इतका वाढवायचा की यंत्रणा एकसारखे झोके घेऊ लागेल, मग त्या पी वरून आणि झोक्याच्या कालावधीवरून तिन्ही आकडे काढायचे. चालू रिअॅक्टरवर असे झोके मुद्दाम आणण्याचे धाडस सहसा कोणी करू नये. माझा अनुभव असा की तापमानाच्या बहुतेक वळशांत डी शून्य ठेवला तरी काम नीट होते, कारण सेन्सरच्या सिग्नलमधील बारीक थरथर डी मोठी करून दाखवतो आणि व्हॉल्व्ह विनाकारण झिजतो.

पीएलसी, म्हणजे प्रोग्राम बदलता येणारा यंत्रनियंत्रक, कोणी शोधला आणि त्याआधी काय होते?

त्याआधी रिले, म्हणजे विजेने उघडमिट होणारे स्विच, होते, आणि शेकड्यांनी होते. मोटारींच्या कारखान्यात दरवर्षी नवे मॉडेल आले की रिलेंच्या भिंतीएवढ्या पॅनेलची तारजोडणी सोडून पुन्हा करावी लागे किंवा सगळे पॅनेलच टाकून द्यावे लागे. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ साली यावर उपाय मागितला: तारा न बदलता ज्याचे तर्क बदलता येतील आणि जे कारखान्याच्या धुळीत, उष्णतेत आणि धक्क्यांत टिकेल असे उपकरण. अमेरिकेतील बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेतील डिक मॉर्ली यांनी त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी अशाच उपकरणाचे टिपण लिहिले होते. त्यातून जे यंत्र १९६९ साली तयार झाले ते मोडिकॉन ०८४. संस्थेचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता, म्हणून हे नाव.

या यंत्राची खरी करामत मला त्याच्या भाषेत वाटते. मॉर्ली यांच्या गटाने कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला संगणकाची भाषा शिकवायला न जाता, त्याला आधीच वाचता येणारा रिलेचा नकाशा म्हणजे लॅडर पडद्यावर आणला. दोन उभ्या रेषा, मधल्या पायऱ्यांवर कॉन्टॅक्ट आणि शेवटी कॉइल, हे चित्र वाचणाऱ्याला नवे असे फार थोडे शिकावे लागते. पुढे १९९३ साली आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने पीएलसीच्या भाषांसाठी जे मानक प्रसिद्ध केले त्यातही लॅडरला स्थान मिळाले, आणि आज पन्नाशी उलटून गेली तरी आपल्याकडच्या कामांत तीच प्रथम उघडली जाते.

मोडिकॉन ०८४ मध्ये पंखाही नव्हता. पावसाळ्यात गोव्यातले पॅनेल उघडून पाहिलेल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको: पंखा बाहेरची दमट, किनाऱ्याजवळ खारट असलेली हवा आत ओढतो आणि सप्टेंबरपर्यंत टर्मिनलच्या स्क्रूंवर हिरवट थर चढतो.

सेन्सरचा सिग्नल ४ ते २० मिलिअँपिअर का, सरळ शून्यापासून का नाही?

कारण तुटलेली तार आणि रिकामी टाकी यांत फरक कळला पाहिजे. सहा मीटर उंच टाकीचा लेव्हल ट्रान्समीटर रिकाम्या टाकीला ४, निम्म्या म्हणजे तीन मीटरला १२ आणि पूर्ण भरल्यावर २० मिलिअँपिअर पाठवतो. तार उंदराने कुरतडली तर प्रवाह शून्य होतो, आणि शून्य हा आकडा कोणत्याच खऱ्या पातळीचा नसल्यामुळे पीएलसी ताबडतोब बिघाड ओळखते. सिग्नल शून्यापासून सुरू होत असता तर तुटलेल्या तारेला रिकामी टाकी समजून पंप चालत राहिला असता. शिवाय व्होल्टेजऐवजी प्रवाह पाठवल्याने लांब तारेच्या रोधाने वाचन बिघडत नाही. विजेच्या आधी वायुदाबावर चालणाऱ्या नियंत्रकांतही ३ ते १५ पीएसआय अशी शून्य टाळणारीच रीत होती.

इमर्जन्सी स्टॉपचे बटण नेहमी बंद कॉन्टॅक्टचेच का लावतात?

त्याच कारणाने: तुटलेली तार लगेच कळली पाहिजे. बंद कॉन्टॅक्टमधून वाहणारा प्रवाह थांबला की यंत्र थांबते. मग तो बटण दाबल्याने थांबो, तार निसटल्याने थांबो किंवा टर्मिनल गंजल्याने. उघड्या कॉन्टॅक्टचे बटण लावले आणि तार आधीच तुटलेली असली, तर ते ज्या दिवशी खरोखर दाबले जाईल त्या दिवशीच कळेल.

सीएनसी, म्हणजे संगणकाने आकड्यांवरून चालवलेले यंत्र, आणि रोबो हे शोध कोणाचे?

आकड्यांवरून यंत्र चालवण्याची कल्पना जॉन पार्सन्स यांची. हेलिकॉप्टरच्या पात्यांचे वक्र अचूक कातण्याच्या गरजेतून ती आली. एमआयटीमध्ये १९५२ साली आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र दाखवले गेले आणि पार्सन्स यांनी त्याच वर्षी केलेल्या अर्जाला १९५८ साली पेटंट मिळाले. औद्योगिक रोबोसाठी जॉर्ज डेव्हॉल यांनी १९५४ साली अर्ज केला, पेटंट १९६१ साली मिळाले, आणि त्याच वर्षी युनिमेट हा पहिला रोबो अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या कारखान्यात तापलेले ओतीव भाग उचलू लागला. योगायोगाने ते गोवामुक्तीचे वर्ष.

मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्ह लावल्याने वीज खरेच वाचते का?

पंख्याला आणि सेंट्रिफ्यूगल पंपाला लावला तर बहुधा वाचते, कन्व्हेयरला लावला तर फारशी वाचत नाही. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग ८० टक्के केला की शक्ती साधारण ५१ टक्क्यांवर येते. कन्व्हेयरच्या बाबतीत हा घनाचा नियम लागू नाही. तेथे ड्राइव्ह घ्यायचा तो सौम्य सुरुवातीसाठी आणि वेग जुळवण्यासाठी. वीजबिलाचे स्वप्न दाखवून तो कोणी विकत असेल तर हिशेब कागदावर मागावा.

मी ठाऊक असलेले सेन्सर, पीएलसी आणि ड्राइव्ह जोडून नवे यंत्र केले. याला पेटंट मिळेल का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. भारतीय पेटंट कायदा, १९७० याच्या कलम ३ मध्ये कशाकशाला शोध मानले जात नाही त्याची यादी आहे. त्यातील (एफ) उपखंड सांगतो की ज्ञात साधने नुसती शेजारी मांडली आणि त्यातले प्रत्येक आपापले नेहमीचे काम स्वतंत्रपणे करत राहिले, तर तो शोध नव्हे. (के) उपखंड गणिती पद्धत, व्यवसायपद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना बाहेर ठेवतो. म्हणजे पॅनेलमध्ये चांगली उपकरणे बसवली एवढ्यावर पेटंट नाही, आणि लॅडरचा प्रोग्राम हुशारीने लिहिला एवढ्यावरही नाही.

तरीही या दोन भिंतींमधून वाट आहे, आणि ती कशी निघते हे दोन अमेरिकी खटल्यांवरून फार चांगले समजते. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण प्रसंग आपल्याच धंद्यातले आहेत. पहिल्यात, १९७८ साली निकाल लागलेल्या पार्कर विरुद्ध फ्लूक या खटल्यात, रासायनिक प्रक्रिया चालू असताना अलार्मची मर्यादा नव्याने काढण्याचे सूत्र होते. सूत्राखेरीज त्यात नवे काही नव्हते आणि सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. दुसरा १९८१ सालचा डायमंड विरुद्ध डीर. रबर साच्यात घालून प्रेस मिटायची आणि ठरावीक मिनिटांनी उघडायची अशी रीत होती. पण प्रेस भरताना दर वेळी साचा कमीजास्त निवत असल्याने रबर कधी कच्चे राही, कधी जास्त शिजे. अर्जदारांनी साच्याच्या आतले तापमान सतत मोजले, तापमानावरून प्रक्रियेचा वेग सांगणाऱ्या आर्हेनियसच्या जुन्या समीकरणाने उरलेला वेळ संगणकाकडून पुनःपुन्हा काढून घेतला आणि वेळ होताच संगणकाकडूनच प्रेस उघडवली. समीकरण जुने, प्रेस जुनी, तापमान मोजणारे थर्मोकपल जुने. पण मोजणे आणि उघडणे यांची जोडणी नवी होती आणि तिने रबर खरोखर सुधारले. पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने न्यायालयाने ही प्रक्रिया पेटंटयोग्य ठरवली.

भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अलानी प्रकरणात डिसेंबर २०१९ मध्ये म्हटले की संगणक प्रोग्रामवर आधारलेल्या शोधाने तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दाखवले तर केवळ प्रोग्राम असल्याच्या कारणाने तो नाकारता येत नाही. तेव्हा अर्ज लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे: माझ्या जोडणीमुळे यंत्रात असे काय घडते, जे सुटे भाग आपापल्या परीने करून घडले नसते? या प्रश्नाचे उत्तर मिलिमीटर, सेकंद, अंश सेल्सिअस किंवा वाया जाणाऱ्या मालाच्या नगांत देता आले, तर पुढे जाण्यात अर्थ आहे. ‘अधिक स्मार्ट’ हे उत्तर असेल तर एजंटाची फी वाचवावी.

यंत्र प्रदर्शनात दाखवल्यानंतर अर्ज केला तर चालेल का?

येथे स्वतःचे हात पोळलेले सांगतो. एका बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात यंत्राची मोजणी आणि खोक्यांची मोजणी रोज जुळत नसे. बाटल्या धुणाऱ्या भागापुढे फोटो सेन्सर होता, आणि वरून गळणारा प्रत्येक मोठा थेंब तो बाटली म्हणून मोजत होता. टायमर लावून लहान सिग्नल गाळावेत असे प्रथम वाटले, पण कन्व्हेयरचा वेग पाळीपाळीला बदलत असल्याने तो उपाय टिकला नाही. वेग वाढला की खऱ्या बाटल्याच गाळल्या जात. अखेर कन्व्हेयरच्या शाफ्टवर तो किती फिरला हे मोजणारा एन्कोडर बसवला आणि वेळेऐवजी अंतर मोजले: बाटलीचा व्यास पासष्ट मिलिमीटर होता, म्हणून किरण तुटलेला असताना पट्टा पंचावन्न ते पंच्याहत्तर मिलिमीटर सरकला तरच ती बाटली. थेंब क्षणात पडून जातो, तेवढ्यात पट्टा जेमतेम काही मिलिमीटर पुढे जातो. पहिल्या दिवशी दोन्ही मोजण्या जुळल्या तेव्हा पॅकिंगवाल्यांनी मला बोलावून खोकी पुन्हा मोजून दाखवली, कारण त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मालकांना ते इतके आवडले की त्यांनी एका व्यापारी मेळ्यात यंत्र मांडले, शेजारी सगळी रीत समजावणारा फलक लावला, आणि तीन महिन्यांनी पेटंटचे विचारायला मला फोन केला. तोवर नवेपणा गेला होता. कायद्यात सवलत आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, आणि तीही बारा महिन्यांच्या आत अर्ज केला तर. तो मेळा तसा नव्हता. शोधाची वाजवी चाचणी सार्वजनिक ठिकाणीच करावी लागणार असेल तर वेगळी सवलत आहे, पण मेळ्यातला फलक म्हणजे चाचणी नव्हे. पुढे शोध घेता हेही दिसून आले की अंतरावर आधारित अशी गाळणी जुन्या परदेशी पेटंटांत येऊन गेली होती, त्यामुळे फलक नसता तरी फार काही हाती लागले नसते. अर्ज आधी, फलक नंतर, आणि जुन्या पेटंटांचा शोध त्याहूनही आधी. भारतीय पेटंट कार्यालयाचा शोधसंग्रह आणि युरोपीय पेटंट कार्यालयाचा एस्पेसनेट हे दोन्ही विनामूल्य आहेत.

अर्ज कोठे करायचा, खर्च किती येतो आणि हक्क किती वर्षे टिकतो?

गोव्यातले अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या अखत्यारीत येतात, पण ते ऑनलाइन करता येत असल्याने मुंबईची फेरी घडत नाही. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्था यांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १६०० रुपये आहे. त्यात तीस पाने आणि दहा दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितला आहे ते सांगणारे मुद्दे, बसतात. परीक्षणाच्या विनंतीचे ४००० रुपये वेगळे. एजंटाची फी याहून बरीच जास्त असते. कल्पना अजून पक्की नसेल तर तात्पुरते तपशीलपत्र देऊन तारीख राखता येते, मात्र पूर्ण तपशीलपत्र बारा महिन्यांत दिलेच पाहिजे. अर्ज साधारणपणे अठरा महिन्यांनी प्रसिद्ध होतो. परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या नियमांनुसार ती ३१ महिन्यांच्या आत करायची असते, आणि ती विसरल्यास अर्ज मागे घेतला असे मानले जाते. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे, तिसऱ्या वर्षापासूनचे वार्षिक शुल्क भरत राहिल्यास. हा हक्क भारतापुरताच असतो, आणि भारतात राहणाऱ्याला परवानगीवाचून परदेशात आधी अर्ज करता येत नाही.

कल्पना माझी, पण यंत्र कंपनीचे. अर्ज कोणाच्या नावाने?

अर्ज करण्याचा अधिकार खऱ्या आणि पहिल्या शोधकाला, किंवा त्याने ज्याला तो हक्क दिला असेल त्याला असतो. नेमणूकपत्रात असे हक्क कंपनीचे असतील असे कलम बहुधा असते. ते वाचलेले नसते एवढेच. हक्क दिला तरी शोधक म्हणून अर्जात नाव लागले पाहिजे, आणि ते मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही. फिटरने सुचवलेले आणि व्यवस्थापकाच्या नावावर गेलेले उपाय मी एकापेक्षा जास्त पाहिले आहेत.

मी लिहिलेला लॅडर प्रोग्राम दुसऱ्याने जसाच्या तसा उचलला तर?

तेथे पेटंटचा नव्हे, कॉपीराइटचा आधार मिळतो. कॉपीराइट कायदा, १९५७ संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीत धरतो. मात्र तोच परिणाम साधणारा वेगळा प्रोग्राम कोणी स्वतः लिहिला तर कॉपीराइट आड येत नाही.

हे सगळे मराठीत लिहून देता येईल का?

पेटंट कार्यालय कागदपत्रे हिंदी किंवा इंग्रजीतच स्वीकारते, त्यामुळे अर्ज मराठीत करता येत नाही. कामाची वही मात्र खुशाल मराठीत ठेवावी, आणि ती रोजच्या रोज, तारखेसह ठेवावी: कोणता बिघाड होता, काय मोजले, कोणता उपाय फसला, कोणता चालला. अर्ज लिहिताना एजंट जे जे विचारतो ते सगळे तीत सापडते, विशेषतः फसलेले उपाय, कारण जाणकार माणसाला जे सहज सुचले असते त्यापेक्षा तुमचा उपाय वेगळा कसा हे त्यांच्यावरून सांगता येते. बाटल्यांच्या त्या कामाची माझी वही अजून आहे. तिच्या एका पानावर फक्त ‘टायमर नको, पट्टा मोज’ एवढेच लिहिलेले आहे आणि त्यावर पाण्याचा डाग आहे.